'चालु' म्हणजे पुरे

नरसव्वा 'चालु, चालु' म्हणत होती आणि मी मशीन चालूच ठेवलं.

यशवंता, तुझ्याबद्दल लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य हे आलं. तुझ्यावरच्या लेखात पहिलं वाक्य तुझं हवं, एवढं मलाही कळतं. पण तुझं जे काही नाव झालं ते माझ्या या एका मूर्खपणावर उभं आहे, आणि तू स्वतः हे भर सभेत, मी पहिल्या रांगेत बसलेला असताना, माझ्याकडे बोट दाखवून सांगायचास. मग मीच काऊन लपवू?

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी यांबद्दल मी काही लिहिणार नाही. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी चौघांनी ते माईकवरून सांगितलं, त्यातल्या दोघांनी चुकीचं सांगितलं, आणि तू नसल्यामुळे मधेच उठून दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. तू नाहीस हे मला खऱ्या अर्थानं तेव्हा कळलं. माणसं तारखा चुकवत होती आणि सभा शांत होती.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो. समोरच्याला विचारल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावू नये, यावर अर्धं आयुष्य भांडलेला माणूस आम्हाला कोणाला न विचारता, चहा अर्धा ठेवून उठून गेला. हे तुझ्या तत्त्वात कुठं बसतं? तू उत्तर देणार नाहीस, म्हणून मी जिंकलो. असं जिंकण्यात काही मजा नाही रे.

आपण कॉलेजात एका बाकावर होतो तेव्हा तू मला 'अबे' म्हणायचास. मग मी तुझ्या धाकट्या बहिणीशी, सुमनशी लग्न केलं आणि मांडवातच तू मला 'जवाईबापू, तुमी' म्हणायला लागलास. मला वाटलं, मान देतो आहे. नंतर कळलं, ती शिक्षा होती. 'अबे मूर्खा' म्हटलं की तेवढ्यावर भागायचं. 'जवाईबापू, तुमी असं कसं केलं जी?' म्हटलं की अख्खं सासर वळून बघायचं.

तुझ्या पीएचडीचा विषय काय होता हे तुमच्या गावात, आदिलाबादकडच्या बेल्यात, कोणाला धड सांगता आलं नाही. मेंदूची यंत्रं आणि त्यांची नीती. डोक्याला तारा लावून आत काय चाललंय ते कागदावर उतरवणारं यंत्र आलं, उद्या आणखी येतील. ती वापरताना माणसाला काय विचारायचं, कसं विचारायचं, कोणाच्या भाषेत विचारायचं. सुमननं गावात सांगितलं, 'दादा मशीनचं शिकून राह्यला.' दुसऱ्या दिवशी एक जण बैलगाडीत पाण्याची मोटर घालून तुझ्या दारात हजर! 'एवढी पाहून दे ना बाप्पा, बंदच पडली.' तू बिचारा तत्त्वज्ञानाचा माणूस. ती मोटर तू मला दिलीस, कारण मी शाळेत विज्ञान शिकवायचो. मी ती उघडली. ती पुन्हा कधी चालली नाही, हे जाऊ दे.

हैदराबादचे तुझे मार्गदर्शक तर हसलेच होते. म्हणाले, जिथं अर्धा दिवस वीज नसते त्या जिल्ह्यात मेंदूच्या यंत्राची नीती कसली शोधतोस? तू म्हणालास, 'सर, यंत्र येऊन बसलं की लोक यंत्राला विचारतात. अजून आलं नाही तोवरच माणसाला विचारून घेता येतं.' हे वाक्य तू मला येऊन सांगितलंस तेव्हा तुझ्या हातातली बशी हलत होती. तुला एखादी गोष्ट सुचली की चहा सांडायचा. आमच्या घरातल्या एका चादरीवर तुझे विचार अजून आहेत, धुऊन जात नाहीत.

तेव्हा तू 'हो'च्या मागं लागला होतास. माणूस खऱ्या मनानं हो म्हणतो तेव्हा कोणता शब्द वापरतो? तहसिलीत गेला की 'कबूल', 'मंजूर'. लग्नाच्या बोलणीत 'राजी'. तेलुगू माणूस 'सरे' म्हणतो. तुझं म्हणणं, यातला योग्य 'हो' सापडला की नीतीचा अर्धा प्रश्न सुटला. मी म्हणायचो, माझ्या बायकोचा 'हो' सापडला तर मलाही कळव.

आणि मग तलमडुगूचं शिबिर आलं.

फिट येणाऱ्यांसाठी तिथल्या शाळेत शिबिर होतं. नागपूरचे डॉक्टर मशीन घेऊन येणार होते. तू त्यांना गाठलंस आणि कबूल करून घेतलंस की तारा लावण्याआधी प्रत्येकाला त्याच्या भाषेत विचारू, मगच पुढं जाऊ. डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, 'विचारा, पण आतमध्ये दुभाष्या लागेल. मला तेलुगू येत नाही.'

'मला येतं,' मी म्हणालो.

मी पैनगंगेच्या पलीकडचा, महाराष्ट्रातला. माझं सगळं तेलुगू बसस्टँडवर आणि लग्नाच्या पंगतीत जमा केलेलं. पण त्या दिवशी मशीन बघायची अशी हौस होती की मी जपानी येतं असंही म्हणालो असतो.

नरसव्वा पहिलीच. तिचा हात आठवतो? कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची खूण. फिट येऊन चुलीवर पडली होती. तेव्हापासून लेकानं तिला चुलीजवळ बसायची बंदी केली होती. आयुष्यभर साऱ्या घराला ज्वारीची भाकर करून घातलेली बाई आता अंगणात बसून सुनेच्या भाकरीचा करपलेला वास घ्यायची. तिला दुसरं काही नको होतं. 'मला माझी चूल परत पाहिजे,' एवढंच ती म्हणाली. तू समजावून सांगितलंस, तिनं ऐकलं, 'सरे' म्हणाली, अंगठाही दिला. तुझा चेहरा असा फुलला की जसं काही तिनं तुझ्याच थिसिसवर अंगठा उठवला!

तू बाहेर पुढच्या माणसांना विचारायला गेलास. आत मी आणि ती. मधे साड्या जोडून केलेला पडदा, पलीकडे डॉक्टर आणि त्यांचं मशीन, ज्याच्या लेखण्या कागदावर थरथरत होत्या. नरसव्वाच्या डोक्याला चिकट लेप लावून तारा बसवल्या होत्या. समोर स्टँडवर एक दिवा. डॉक्टरांनी तो लुकलुकता केला.

'चालु,' नरसव्वा म्हणाली.

'काय म्हणतात?' पडद्याआडून डॉक्टर.

'चालू म्हणतात.'

'वा! फार छान सहकार्य आहे.' आणि दिवा आणखी भराभर लुकलुकायला लागला.

'चालु! चालु!'

'हो अव्वा, चालूच आहे!' मी तिला धीर दिला. 'एकदम चालू!'

तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. बस. थांबवा. यशवंता, हे मला माहीत होतं! पंगतीत भाताचं पातेलं घेऊन वाढपी आला की मी स्वतः पानावर हात आडवा धरून 'चालु, चालु' म्हणायचो, आणि त्यानं ते न ऐकता वाढलं की मनातून खूश व्हायचो. पण मशीनशेजारी उभा राहिलो आणि तोच शब्द माझ्या कानात मराठी होऊन शिरला.

मग ती 'चेप्पु' असं काहीतरी ओरडली. 'चेप्पु'चे दोन अर्थ आहेत, एक 'सांग' आणि दुसरा 'चप्पल'. मी पहिला अर्थ धरून 'हां, काय सांगू?' म्हणत वाकलो. तिच्या हातात दुसरा होता.

तारा तुटल्या, पडदा पडला, डॉक्टर दिसले. नरसव्वा डोक्याला लेप तसाच घेऊन, मला माझ्या पूर्वजांसकट धुऊन काढत शाळेच्या बाहेर गेली. तिच्या त्या शिव्यांमधला शब्दन् शब्द मात्र मला लगेच कळला.

तू धावत आलास. मी कानशील चोळत झाला प्रकार सांगितला. मला वाटलं आता 'जवाईबापू' ऐकावं लागणार. पण तुझे डोळे मोठे झाले, आणि तू मला कमरेला धरून उचललंस, त्या अंगणात, सगळ्या पेशंटांच्या देखत!

'जवाईबापू! तुमी माहा थिसिस मोडला!'

'माफ कर रे, मी...'

'माफ काऊन? मोडला म्हंजे बराबर मोडला! अहो, ती हो म्हनली होती ना? तिच्या भाषेत, खुशीनं, अंगठा देऊन? सारं नीट होतं ना?'

'होतं.'

'मंग चुकलं कुठी? आत चुकलं! दारात आपन इतकं विचारतो, न् आत गेल्यावर तिनं थांबा म्हनलं तर आयकाले कोनीच नाई! मी मूर्ख इतके वर्स "हो" धुंडून राह्यलो. धुंडाचं ते "पुरे" होतं, जी!' आणि लगेच, मला खाली टेकवता टेकवता, 'न् तुमी तरी कसे हो? भाताजवळ तेलुगू न् बटनाजवळ मराठी?'

तुझ्यासारखा आनंदलेला माणूस मी नंतर पाहिला नाही. तू त्या शाळेच्या अंगणात येरझारा घालत होतास, हातवारे करत होतास. फिटच्या शिबिरातले लोक तुझ्याकडे काळजीनं बघत होते. डॉक्टरांनी मला हळूच विचारलं, यांची तपासणी झाली का.

मग तू अचानक पायरीवर बसलास आणि म्हणालास, 'बाबाचं असंच होतं.'

तुझे वडील बेल्याच्या एका शेतकऱ्याकडे सालदार होते. मी त्यांना फक्त म्हातारपणी पाहिलं, पाठ धनुष्यासारखी वाकलेली. तू म्हणालास, वर्षाच्या सुरुवातीला मालक विचारायचा, येतोस का? बाबा हो म्हणायचा. कोणी धरून नेलं नव्हतं, हो त्यानं स्वतः म्हटलं होतं. पण एकदा हो म्हटलं की पुढच्या साली पुन्हा विचारेपर्यंत त्याला पुरे म्हणता यायचं नाही. ताप असो, घरात मयत असो. 'तुनं हो म्हनलं होतं ना?' एवढं मालकानं विचारलं की बोलणं संपायचं. 'माह्या बापाले साऱ्या जिंदगीत पुरे म्हनता आलं नाई,' तू म्हणालास, 'न् मी त्याच्या होचा अभ्यास करत बसलो.'



पण आनंद त्याच संध्याकाळी उतरला. डॉक्टर म्हणाले, कागद अर्धाच निघाला; एवढ्यावर नरसव्वाला कोणतं औषध लागू पडेल ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पुढचं शिबिर आदिलाबादला, पावसाळ्यानंतर. तोवर ती तशीच. म्हणजे आपलं तत्त्व साजरं झालं आणि तिची चूल गेली! तू जेवला नाहीस. म्हणालास, 'तिचं पुरे आयकून ती बरी होनार नसली, तर माहं थिसिसातलं हे पुरेचं प्रकरन जाळून टाकाच्या लायकीचं हाय.' त्या दिवसापासून तुझा थिसिस आणि नरसव्वाची चूल एकाच दोरीला बांधली गेली.

आपण तिच्या गावी निघालो, माझ्या मोपेडवर. मागं बसून तू माझ्या कानात तत्त्वज्ञान ओरडत होतास. आपला तो न संपलेला वाद तिथंच सुरू झाला.

मी म्हणालो, 'खरं सांगू? दोन मिनिटं आणखी ठेवलं असतं तर काम झालं असतं. आपल्याकडे पुरे म्हटल्यावर एक पळी वाढतातच. न वाढणाऱ्याला कंजूस म्हणतात.'

'पानात पडलेला भात टाकून उठता येते, जी! डोक्यात पडलेलं टाकून उठता येते काय?'

'पण तिच्या भल्याचंच होतं ना!'

'वाढप्याले पानातली जागा दिसते. तुमाले तिच्या डोक्यातली दिसून राह्यली होती काय?'

याला उत्तर द्यायला मी मागं वळलो आणि मोपेड कपाशीत घातली. बोंडांच्या मधे उताणा पडूनही तू बोलतच होतास. 'आधी थांबाचं, मंग विचाराचं! वाढता वाढता विचारनं म्हंजे विचारनं नाई!'

नरसव्वानं मला बघितल्याबरोबर पायाकडे हात नेला. मी कुंपणाबाहेर थांबलो. तू अंगणात जमिनीवर बसलास. मशीन चांगलं आहे, तुझ्या भल्याचं आहे, असं एक अक्षर बोलला नाहीस. फक्त विचारलंस, 'अव्वा, त्या दिवशी नको कधी वाटलं?' आणि गप्प बसून राहिलास. कुंपणावरून मी बघत होतो. तुझं तेलुगू माझ्यापेक्षा फार बरं होतं असं नाही. पण तुला थांबता येत होतं.

ती बऱ्याच वेळानं बोलली. फिट येण्याआधी तिच्या डोळ्यांपुढं असंच लुकलुकतं. तो दिवा लागला आणि तिला वाटलं, आता मी पडणार, या परक्या माणसांसमोर, लुगड्याचं भान न राहता. म्हणून ती 'चालु' म्हणत होती. आणि तो पंतुलु, तो मास्तर, हसत हसत 'चालू चालू' करत होता.

कुंपणापलीकडे मी एका कपाशीच्या झाडाकडे खूप लक्षपूर्वक बघायला लागलो.

ती पुन्हा यायला तयार झाली. तिच्या दोन अटी. शेजारी बाई पाहिजे, आणि तो पंतुलु खोलीत नको. तू तिसरी तुझ्या मनानं घातलीस. दिवा बंद करायचं बटण तिच्या हातात राहील. डॉक्टरांना तू नागपूरला जाऊन भेटलास. ते आधी नाही म्हणाले. पेशंटच्या हातात बटण दिलं तर एकही कागद पुरा निघणार नाही. मीही तेच म्हणत होतो. मी तर पैज लावायला निघालो होतो. तू म्हणालास, 'नाई निघाला तर मी प्रकरन फाडतो.' डॉक्टर शेवटी राजी झाले. आणि ते बटण बनवायचं काम, माणुसकीच्या भरात, मला दिलंस.

मी आमच्या घराच्या घंटीचं बटण काढलं आणि एका लुकलुकत्या दिव्याच्या तारेत बसवलं. सुमन ओरडत राहिली, पाहुणे पुढं कित्येक महिने कडी वाजवत राहिले. तू ते आधी स्वतःवर करून बघायचं ठरवलंस. आमच्या खाटेवर झोपलास, बटण हातात घेतलंस. दिवा पेटेना. तरी ते थांबवायचं बटण तू दाबून बघितलंस, आणि दिवा धडाधड लुकलुकायला लागला! घंटीचं बटण दाबलं की सुरू होतं, सोडलं की बंद. आठवीच्या मुलाला कळणारी गोष्ट. मी आठवीला तेच शिकवायचो.

हसून हसून तू खाटेवरून घसरलास. 'हे बटन तुमच्यावरच गेलं, जवाईबापू. थांब म्हनलं की सुरू होते!'

शेवटी उशापाशी लोंबतं तसलं काळं बटण बाजारातून आणून बसवलं. सुमननं स्वतः तपासलं, माझ्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता.

आदिलाबादच्या शिबिरात आत नरसव्वा, तिच्याजवळ सुमन, पडद्याआड डॉक्टर. आपण दोघं बाहेर खिडकीखाली. तू उकिडवा बसून नखं खात होतास. आतून काहीच आवाज येत नव्हता. दिवा सुरू झाला का? तिनं बंद केला का? मी खिडकीतून डोकावणार तर तू माझा पाय धरून खाली ओढलास. 'तुमी दिसले तर ती हमखास दाबन!'

सुमन बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर हसू. तू उठला नाहीस. 'दाबलं?' एवढंच विचारलंस.

'एकदाबी नाई, दादा. घट धरून बसली होती. अख्खा कागद निघाला.'

यशवंता, तुझा तो ओरडा! मी त्याला ओरडाच म्हणेन, दुसरा शब्द नाही. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. तू सुमनला मिठी मारलीस, मला मारलीस, बाहेर आलेल्या डॉक्टरांनाही मारलीस, त्यांच्या हातातला लांब कागद आपल्या चौघांभोवती गुंडाळला गेला. ज्याला थांबवता येतं तो थांबवायची घाई करत नाही. एवढीच साधी गोष्ट. पण ती खरी निघेपर्यंत तू किती वाळला होतास ते फक्त सुमननं पाहिलं होतं.

नरसव्वा मात्र बटण परत देईना. सोबत न्यायचं म्हणत होती. तू विचारलंस, घरी कशाला? ती म्हणाली, 'सून बोलायला लागली की दाबीन.'

औषध लागू पडलं, पण हळूहळू. तिची चूल तिला परत मिळायला पुढची ज्वारी निघावी लागली, आणि तेवढे दिवस तू दर पंधरवड्याला काहीतरी कारण काढून तिच्या गावाकडे जायचास. मला सांगायचास, अभ्यासासाठी. अभ्यासाला जाणारा माणूस येताना भाकरीचा वास घेऊन येत नाही. ज्या दिवशी तो वास घेऊन आलास, त्या दिवशी मी ओळखलं, तिची चूल पेटली.

मग हैदराबादची लढाई. मार्गदर्शक म्हणाले, हे पुरेचं प्रकरण काढून टाक, बाकीचं उत्तम आहे. भाताच्या पंगतीतून कुठं नीतिशास्त्र निघतं का? मी म्हणालो, काढ ना बाबा, पदवी घे, नंतर छाप. सुमन म्हणाली, काढ. तुझे वडील, ज्यांना यातलं काही कळत नव्हतं असं आपण सगळे धरून चाललो होतो, ते भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, 'नको काढू बाप्पा.' तू काढलं नाहीस. पदवी उशिरा आली, पण त्या प्रकरणासकट आली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकीच्या थिसिसवर काही विचारलंच नाही म्हणे, सगळा वेळ नरसव्वावरच बोलले, आणि शेवटी मला, त्या दुभाष्याला, भेटायची इच्छा दाखवली. तू सांगितलंस, ते घरी असतात, बाहेर सोडत नाही.

पुढं डॉक्टरांच्या प्रत्येक शिबिरात तू जायचास. तारा लावण्याआधी माणसाला विचारायचास, 'पुरे कसं म्हनशीन?' कोणी हात आडवा धरे, कोणी बोट उचले. मंचेरियलला एका खाणीतल्या माणसानं ठरवलं, टेबलावर एकदा ठोकीन. खाली खाणीत एक ठोका म्हणजे थांब, हे तुम्हाला दोघांना माहीत होतं. तिथं बटण मी धरलं होतं. ठक्, आवाज आला. मी उठून दार उघडायला गेलो. बाहेर कोणी नव्हतं. परत आलो तर तू पोट धरून भिंतीला टेकला होतास आणि तो बिचारा डोळे बांधल्यासारखे घट्ट मिटून दुसऱ्यांदा ठोकत होता.

आपला वाद मात्र राहिला. मी शेवटपर्यंत आग्रहाच्या बाजूनं बोलत राहिलो, तू थांबण्याच्या. खरं तर त्या काळ्या बटणाच्या दिवशीच मी तुझ्या बाजूला आलो होतो. पण तसं म्हटलं असतं तर तू भांडायला आमच्याकडे आला असतास का? आणि एक प्रश्न मी विचारला होता, त्या वेळी फक्त तुला कोंडीत पकडायला. ज्याला बोलता येत नाही, हात हलवता येत नाही, शुद्धच नाही, त्यानं पुरे कसं म्हणावं? आणि त्याच्या वतीनं कोणी म्हणावं? बायकोनं? डॉक्टरनं? कायद्यानं? तू चहा सांडलास. म्हणालास, 'थांबा जी, हे मोठं हाय. यावर बोलू.' त्यानंतर दर भेटीत तू नवं उत्तर आणायचास आणि पुढच्या भेटीत स्वतःच मोडायचास. शेवटचं उत्तर कोणतं होतं, ते मला कळलं नाही. तू येणार होतास त्या रविवारी.

आता बातमी देतो, ऐक! नवं मशीन येतंय! डॉक्टर आले होते पुण्यानुमोदनाला, केस सगळे पांढरे. म्हणाले, आता कागद नाही, लेखण्या नाहीत, कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंगीत दिसतं सारं. ते आदिलाबादला घेऊन येणार आहेत. मी ऐकता ऐकता तुझ्याकडे बघायला वळलो, तू कुठल्या बाजूला बसला आहेस ते शोधत. मग ते म्हणाले, तुझं विचारायचं काम पुढं कोणीतरी करायला हवं, तुम्ही कराल का? आणि यशवंता, काय सांगू तुला! भीती, आनंद, तुझी आठवण, सगळं एकदम. मी हो म्हणालो. रीतसर विचार करून, खुशीनं, माझ्याच भाषेत.

नरसव्वाही आली होती. फडक्यात ज्वारीच्या भाकरी बांधून, स्वतः थापलेल्या. तुझ्या फोटोसमोर ठेवल्या आणि खूप वेळ हात जोडून उभी राहिली. सुमननं तिला खाली बसवलं, पाणी दिलं. मग मोठ्या उत्साहात मी जाऊन तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं, 'अव्वा, यशवंताचं काम आता मी करणार.'

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग सुमनकडे वळली. मला चुकीचं ऐकू यायला नको म्हणून या वेळी मुद्दाम मराठीत बोलली:

'दुसरा कोनी भेटला नाही का?'